बाकी नऊ

"चार दुणे?" आण्णांनी विचारलं.

"आठ."

"अधिक नऊ?"

"सतरा. एक नि सात आठ. जमलं." मी त्यांच्या वहीत बरोबरची खूण केली, शेजारी सही ठोकली आणि मगच त्या ओळीकडे नीट बघितलं. "अगं बाई. आण्णा, बाकी नऊ? नुसते नऊ?"

"नऊ."

"वीस लाखांनी भागून बाकी फक्त नऊ उरली? म्हणजे नवानं हुकलं की हो आपलं."

"हुकलं ते हुकलं," आण्णा म्हणाले आणि जिलबीचा पुडा माझ्याकडे सरकवला. "खा. एवढ्या जवळ आलो म्हणून आणली. गार होतेय."

मी जिलबी उचलली. आण्णांनी विकतचं गोड आणल्याचं मला त्याआधी आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मग इथंच कुठंतरी आसपास असेल तो. पुढच्या पानावर बघा."

"आकड्यांना शेजारपाजार नसतो, रत्ने," आण्णा म्हणाले, आणि वही मिटली.

ही १९७० सालातल्या श्रावणातली, एका रविवार सकाळची गोष्ट. बार्शीतल्या आमच्या दोन खोल्या, जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर दोन वह्या. मी एकवीस वर्षांची, बीएस्सी झालेली. आण्णा त्रेपन्नचे, मोजणी खात्यात. आई मी मॅट्रिकला असताना गेली, थोरली बहीण सोलापूरला दिलेली. घरात आम्ही दोघंच, आणि तिसरा आमचा आकडा.

आकडा साधा होता, अगदी पहिलीतल्या पोरानं काढावा असा. सतरा एक ओळीनं लिहायचे: १११११११११११११११११. झालं. दीड वर्षापूर्वी पुण्याहून प्राध्यापक सबनीस आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आले होते, त्यांनी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "याला कशानं भाग जातो?" आम्ही करून बघितलं. दोननं नाही, तीननं नाही, पाचनं नाही, सातनं नाही. मी मागून विचारलं, "सर, कशानंच जात नसेल तर?" सबनीस हसले. "जातो. उत्तर माझ्या कपाटात आहे. पण ते सांगून काय उपयोग? चाळीस लाखांच्या आत एक भाजक आहे. त्याला चौतीसनं भागलं की बाकी एक उरते, एवढी खूण देतो. शोधा."

व्याख्यानानंतर त्यांनी मला थांबवलं. आण्णा बरोबर होते, त्यांनी खास रजा काढली होती. सबनीस म्हणाले, "मुली, तो भाजक घेऊन ये. वडिलांची मदत घेतलीस तरी चालेल. हात दुखतील, कंटाळा येईल, तरी जो बसतो तो मला हवाय. पंचविशीच्या आत आलीस तर शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळं माझ्याकडे लागलं. आमच्या विभागात अजून एकही बाई नाही."

घरी येताना भगवंताच्या देवळापाशी आलो तेव्हा आण्णा थांबून म्हणाले, "वीस लाखांपर्यंत तुझं. वीसच्या पुढचं माझं. सापडला की तू पुण्याला."

त्यांनीच म्हटलं होतं हे. मी नव्हते म्हणाले.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं. आमच्या तालुक्यात दोन भावांचं बांधावरून भांडण जुंपलं की दोघंही म्हणायचे, कोठावळ्याला बोलवा. कोठावळ्याची साखळी लांबत नाही नि आखडत नाही, असं लोक म्हणायचे. एका पाटलानं एकदा बांध हातभर सरकवण्यासाठी तुपाचा डबा पाठवला, तर आण्णांनी तो डबा चावडीवर नेऊन ठेवला आणि वर चिठ्ठी लावली, कुणाचा राहिलाय. माणूस मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, पण पावकी, निमकी, अडीचकीसुद्धा तोंडपाठ. मला अक्षरओळख व्हायच्या आधी पाढे आले ते त्यांच्यामुळं. आणि नवाचा ताळाही त्यांनीच शिकवला.

हल्ली शाळेत ताळा कुणी शिकवत नाही, म्हणून सांगते. भागाकार बरोबर आला की चुकला हे बघायला पुन्हा सगळं मांडत बसायचं नाही. आकड्यातले अंक मिळवायचे, मिळवत मिळवत एक अंक उरेपर्यंत. आमच्या सतरा एकांची बेरीज सतरा, एक नि सात आठ. आता भाजकाचा ताळा गुणिले भागाकाराचा ताळा, अधिक बाकीचा ताळा, याचेही आठच यायला हवेत. आले की जमलं. वाटेत नऊ दिसले की टाकून द्यायचे. मी पाच वर्षांची असताना विचारलं होतं, टाकून का द्यायचे? आण्णा म्हणाले होते, "ताळ्यात नवाला किंमत नाही. नऊ असले काय नि नसले काय, सारखंच."

आमची रीत ठरलेली. रोज ज्याला जमतील तेवढे भाग द्यायचे. मी दहा द्यायचे, स्वयंपाक आणि धुणं झाल्यावर दुपारी. आण्णा नोकरीतून जमेल तसे, आठवड्याला बारा-पंधरा. वहीत ओळ मांडायची: तारीख, भाजक, भागाकार, बाकी. तीन, पाच, सातनं जाणारे भाजक आधीच गाळलेले. रविवारी वह्यांची अदलाबदल. आण्णांच्या वहीचा ताळा मी करायचा, माझ्या वहीचा त्यांनी. ताळा जमला की समोरच्यानं सही करायची. एकाच्या हातची चूक दुसऱ्याच्या डोळ्यांतून सुटू नये म्हणून.

तर त्या रविवारी नवानं हुकलं, आणि पुढं ते आमच्या घरातलं बोलणंच होऊन बसलं. दूध उतू जाता जाता राहिलं की आण्णा म्हणायचे, नवानं हुकलं. गाडी चुकली, नवानं हुकलं. बहिणीला तिसरीही मुलगीच झाली तेव्हा मी म्हटलं, नवानं हुकलं, तर तिनं मला महिनाभर पत्र टाकलं नाही.

वर्षं गेली. सतरा आकड्यांना सहा-सात आकड्यांनी भागायचं म्हणजे दर भागाला दहा मिनिटं, कधी पंधरा. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टाकानं घट्टा पडला, तो अजून आहे, हात लावून बघा. बायका विचारायच्या, रत्नमालाचं काय चाललंय? आण्णा सांगायचे, तिचा अभ्यास चाललाय. दोन स्थळं आली, दोन्ही मी परत पाठवली. आण्णांनी एका शब्दानं आग्रह केला नाही. उलट म्हणायचे, "तिचा आकडा झाल्याशिवाय नाही." किती समजूतदार बाप मिळाला, असं मी मैत्रिणींना ऐकवायची. त्याही मान डोलवायच्या.

मला पंचवीस पुरी झाली त्या दिवशी मी बारा लाख नव्वद हजारांच्या घरात होते. त्या दिवशी एकही भाग दिला नाही. स्वयंपाकघरात बसून पोटभर रडून घेतलं. आण्णा दारात आले, म्हणाले, "जाऊ दे गं. पुणं काय कुठं पळून जातंय?" मग आत येऊन त्यांनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि पाठीवर हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दहा भाग दिले. कशासाठी ते विचारू नका. सुरू केलेलं टाकवत नव्हतं.

७६ च्या मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला मी एकटीच पुण्याला गेले. आण्णा वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते, त्यांचे गुडघे दुखत होते. लग्न झालं आणि मनात आलं, आलोच आहोत तर सबनीस सरांना भेटून घ्यावं. त्यांना सांगावं की मी हरले, पण अजून बसलेय. खरं तर त्यांनी शाबास म्हणावं असं वाटत होतं. माणसाला शेवटी तेवढंच हवं असतं.

सर आता घरीच असत. केस पांढरे झाले होते, कानाला यंत्र. मी नाव सांगितलं तर क्षणभर बघत राहिले आणि मग तोंडभर हसले.

"कोठावळे! या, या. बार्शीच्या. मुलं किती तुम्हाला?"

"कुणाची मुलं, सर?"

"तुमची. लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील ना?"

"माझं लग्न नाही झालं, सर."

त्यांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, म्हणून मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. त्यांना ऐकू आलं होतं. ते नुसते माझ्याकडे बघत होते.

"आणि वडील कसे आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरे आहेत. आम्ही अजून बसतो, सर. भाजक नाही सापडला, पण मी एकोणीस लाखांपर्यंत आलेय. आण्णा चोवीसच्या पुढं गेलेत."

सबनीस सर उठले. त्यांच्या कपाटात पत्रांचे गठ्ठे होते, सालवार दोऱ्यानं बांधलेले. एक गठ्ठा काढला, चाळला, त्यातलं एक अंतर्देशीय माझ्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

अक्षर आण्णांचं. मोजणीच्या कागदावर असतं तसं, प्रत्येक अक्षर सुटं. तारीख १७ ऑगस्ट १९७०. "आपण दिलेल्या संख्येस २०७१७२३ ने पूर्ण भाग जातो. भागाकार ५३६३२२२३५७, बाकी शून्य. मी स्वतः तीन वेळा पडताळून पाहिले आहे. कृपया बरोबर असल्यास दोन ओळी मोजणी कचेरीच्या पत्त्यावर कळवाव्यात, घरच्या पत्त्यावर नकोत. चि. रत्नमाला हिचा विवाह ठरला असून तिचे पुढील शिक्षण होऊ शकणार नाही, तरी तिच्यासाठी आपण तसदी घेऊ नये."

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओळी हलायला लागल्या.

"मी वर्गात सांगायचो त्यांच्याबद्दल," सर खिडकीकडे बघतच म्हणाले. "एक मॅट्रिक झालेला मोजणीदार दीड वर्षात भाजक काढतो आणि तुम्ही पोरं गणितं उतरवून घेता. असं सांगायचो." मग म्हणाले, "त्या वर्षी एक जागा होती. मी तुमच्यासाठीच मनात धरली होती. हे पत्र आलं, मग दुसऱ्याला दिली. बाई, मला काय माहीत?"

त्यांना काय माहीत असणार. त्यांचा काही दोष नाही, असं मी म्हटलं. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. चहा न घेताच निघाले.

बार्शीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले होते. वाटेत एकदासुद्धा रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सोळा ऑगस्टचा रविवार, पुड्यातली जिलबी, आणि मी हसत हसत केलेली ती सही. १७ ऑगस्टला पत्र गेलं, म्हणजे मी जिलबी खात होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं.

घरी पोचले तेव्हा आण्णा देवळात गेले होते. मी हातपाय न धुताच फळीवरून त्यांची जुनी वही काढली. पान लगेच सापडलं. १४ ऑगस्ट. भाजक २०७१७२३. भागाकार ५३६३२२२३५७. बाकी ९. पुढं बरोबरची खूण आणि र. ना. को., ही माझी सही.

उजेडात धरून बघितलं. आण्णा नऊ काढायचे ते एका फटक्यात, वरचं वाटोळं अर्धवट सोडून. शेजारच्या ओळींत बघा, सगळे नऊ तसे. हा नऊ मात्र वरून पुरता बंद होता. आधी शून्य काढलेलं होतं, नीट, गोल. मग त्याला खाली शेपूट लावलं होतं.

आणि ताळा? ताळा जमणारच. ताळ्यात नवाला किंमत नाही. शून्य असलं काय नि नऊ असले काय, सारखंच. ज्यानं मला ताळा शिकवला त्यालाच त्यातली ही फट ठाऊक होती. शेवटचे आकडे नुसते बघितले असते तरी तिसरीतल्या पोराला कळलं असतं. पण आम्ही शेवटचे आकडे बघत नव्हतो. आम्हाला ताळ्याचा भरवसा, आणि मला आण्णांचा.

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते मी तोवर दुसऱ्यांच्या घराबद्दल म्हणत आले होते.

शनिवार होता तो. रात्री मी वाढलं, आण्णा जेवले. लग्न कसं झालं, जेवायला काय होतं, सगळं विचारलं त्यांनी. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी सतरंजी अंथरली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आण तुझी वही."

मी त्यांचीच जुनी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

"ही कशाला?"

"हिचा ताळा राहिलाय."

"सही आहे की तुझी."

"असू दे. आज शेवटचे आकडे बघू नुसते. भाजकाचा शेवटचा आकडा?"

आण्णांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तीन," ते म्हणाले.

"भागाकाराचा?"

"सात."

"तीन सत्ते?"

"एकवीस."

"अधिक नऊ?"

बाहेर भाजीवाली ओरडत होती. मी थांबले. लहानपणी मी पाढ्यात अडखळले की ते असेच थांबायचे, न रागावता, उत्तर येईपर्यंत.

"आण्णा, एकवीस अधिक नऊ?"

"तीस."

"तिसाच्या शेवटी?"

"शून्य."

"आणि आपल्या आकड्याच्या शेवटी?"

"एक," आण्णा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सबनिसांकडे गेली होतीस."

"गेले होते. माझी मुलं कशी आहेत विचारत होते."

त्यांनी मान खाली घातली. तालुक्यातल्या कुठल्याही बांधावर जी मान खाली गेली नव्हती ती माझ्यासमोर गेली, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"तू गेली असतीस," ते म्हणाले. "मग माझं कोण होतं? संध्याकाळी घरी यायचं नि कुलूप उघडायचं. सकाळी उठून भाकरी कुणी..."

"भाकरीसाठी?"

"तसं नाही गं."

"भाकरीसाठी आण्णा? माझी सहा वर्षं?"

"एक-दोन महिन्यांत सांगणार होतो. तुझ्या बहिणीकडं विचारून बघणार होतो, कुणी बाई वगैरे. मग एक महिना गेला, मग दोन गेले. मग सांगायचं तर कसं सांगायचं."

"मी पंचविशीच्या दिवशी रडत होते, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होतात."

"होतो."

"काय वाटत होतं तेव्हा?"

मी उत्तराची वाट बघितली नाही. मला दुसरंच विचारायचं होतं, गाडीत बसल्यापासून जे डोकं कुरतडत होतं ते.

"लपवायचं होतं तर पुरतं लपवायचं. तोंड शिवून बसायचं. सरांना कशाला कळवलंत?"

तेव्हा आण्णांनी मान वर केली. डोळे पाण्यानं भरले होते, पण खोटं नाही बोलणार, त्यांत जराशी चमकही होती.

"शून्य आलं होतं, रत्ने. नऊशे भागांनंतर शून्य. कुणालातरी सांगायलाच हवं होतं."

"मला सांगायचं."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला ते कळलं. दहा-दहा मिनिटं भागत जायचं, शेवटची वजाबाकी करायची आणि खाली काहीच उरत नाही, हे कसं असेल, ते मी रोज दहा वेळा मनात बघत आले होते. मला ते कधी मिळालं नाही. त्यांना मिळालं, त्यांनी ते एका परक्या माणसाला सांगितलं आणि मला जिलबी दिली. मला ते कळलं, म्हणूनच मला त्यांचा एवढा राग आला, एवढा की आजही येतो. पंचाहत्तरी उलटली माझी, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी येतो.

"आणि मग पुढं कशाला भागत बसलात इतकी वर्षं?" मी विचारलं. "चोवीस लाखांपर्यंत? तुम्हाला तर माहीत होतं, तिथं काही नाही म्हणून."

"तू भागत होतीस म्हणून," आण्णा म्हणाले.

मी टाक उचलला आणि त्या ओळीपुढची माझी सही खोडली. त्यांच्या नवाला हात लावला नाही. तो त्यांचा होता.

सबनीस सरांना मी पत्र टाकलं. संशोधनाचं वय गेलं होतं, पण त्यांनी पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत शब्द टाकला आणि जूनपासून गणिताची जागा मिळाली. पुढं तीस वर्षं मी तिथंच शिकवलं. पोरी माझ्या मागं मला मिरचीबाई म्हणायच्या, आणि गणित झालं की आधी शेवटचे आकडे बघायच्या, कारण ते न बघता ताळा केला तर मी पट्टी मारायची. पण ते नंतरचं.

त्या महिन्यात आम्ही घरात कामापुरतं बोललो. जायच्या दिवशी आण्णा एसटी स्टँडवर आले, मी नको म्हणत असताना. गुडघे धरत धरत, हातात डबा घेऊन. मी आत खिडकीपाशी बसले होते. त्यांनी खालून डबा वर दिला.

"पहाटे उठून केल्या," ते म्हणाले. "बरोबर शेंगांची चटणी आहे. चार भाकरी आहेत. दोन वाटेत खा, दोन रात्री होतील. तिथं पहिल्या दिवशी कुठं शोधत बसशील."

डबा अजून ऊन होता. तेव्हा मला आठवलं, आण्णा मोजणीच्या मुक्कामावर महिनोन् महिने असायचे, पाल ठोकून, आणि तिथं त्यांना कुणी करून घालत नव्हतं. तीस वर्षं ते स्वतःच थापत होते.

मी डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. भाकरी पातळ होत्या, गोल, एकीचाही काठ फाटला नव्हता. आण्णा खिडकीखाली उभे होते, मान वर करून, मी काही बोलेन या आशेनं.

मी त्यांच्या देखत एकेक भाकरी उचलली आणि मोजली.

चारच होत्या.